खालची नळी

आमची लेक क्लासवरून परत आली की बेल वाजायच्या आधीच मला कळायचं. गल्लीच्या तोंडाशी पाइपलाइनसाठी खणलेला चर अजून नीट बुजलेला नाही. त्यावरून तिची सायकल गेली की ‘खट्-खट्-खटाक्’ असा आवाज यायचा आणि मी चहाचं आधण ठेवायची. तीन-चार महिने हा आवाज म्हणजे माझ्यासाठी तिच्या येण्याची वर्दी होती. स्टँड ढिला झाला असेल, मडगार्ड हलत असेल, असं मी धरून चालले होते.

मग एका जुम्याला अब्बा नमाज पढून आमच्याकडे जेवायला आले. ओट्यावर टेकून चपला काढत होते, तेवढ्यात ती आली. खट्-खट्-खटाक्. अब्बांनी एक चप्पल तशीच हातात धरून मान वर केली.

“चेन मार रई गे हड्डी पे,” ते म्हणाले. “कब से मार रई?”

मला काही कळेना. अब्बा पांढऱ्या कपड्यांतच उकिडवे बसले, सायकलची उजवी बाजू आपल्याकडे वळवून घेतली आणि पायडलपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळीवर अंगठा फिरवला. लांबून काळीभोर दिसणारी ती नळी जवळून पाहिली तर चट्ट्याचट्ट्यांनी सोलली होती. काळ्या रंगाखाली करडा रंग, त्याखाली उघडं लोखंड, आणि दोन-तीन ठिकाणी गंज. अब्बांनी अंगठा माझ्यासमोर धरला. त्यावर विटकरी भुकटी होती.

“नवी सायकल है नाना,” लेक म्हणाली. तिचा सूर असा, की नव्या सायकलला गंज चढूच शकत नाही.

अब्बांनी मिरजेत बत्तीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं. दुकान म्हणजे पत्र्याचं खोकं, पुढे पाण्याची टोपली, दोन पंप, आणि भिंतीला ओळीने लावलेल्या भाड्याच्या सहा सायकली. भाड्याची वही मी सातवीत असल्यापासून लिहायची. नाव, वेळ, सायकल नंबर. माझं अक्षर चांगलं आहे असं लोक म्हणतात, ते त्या वहीत वळण लागलेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा अब्बांनी दुकान बंद केलं. हत्यारांचा डबा मात्र भाईजानच्या घरी पलंगाखाली अजून आहे, आणि त्यातला पान्हा कुणी दारूगोळ्यासारखा जरी लपवला तरी त्यांना तो सापडतो.

त्या नळीला चेनस्टे म्हणतात, हे मला लेकीने मोबाइलवर बघून सांगितलं. अब्बा तिला ‘खालची नळी’ म्हणतात, आणि रागात असले की हड्डी. शब्द दिसला की उकलत बसायची मला सवय आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, उर्दूचेही तास घेते. चेनला मराठीत साखळी, उर्दूत जंजीर. पण साखळी गळ्यात आणि दाराला, जंजीर कैद्याच्या पायात. सायकलची मात्र दोन्ही भाषांत चेनच. वर्गात एकदा ‘सायकलची साखळी उतरली’ असं वाक्य दिलं तर पोरांना वाटलं, कुणीतरी सायकलला कुलूप घातलं होतं.

जुन्या काळ्या सायकलींना हा आजार नव्हता. पुढे दात्यांची एक चकती, मागे एक फ्रीव्हील, आणि चेन लागते तेवढीच. मागचं चाक खाचेत मागे ओढून चेन ताणायची आणि नट आवळायचे. बोटाने दाबली तर अर्धा इंच खाली-वर व्हावी. त्याहून घट्ट नको, ढिली नको. वरून पत्र्याचं चेनकव्हर. ते कव्हर नळीसाठी नव्हतं, कपड्यांसाठी होतं. धोतर, पायजमा, साडी, बुरखा, सगळ्यांना चेनचं ग्रीस लागायचं आणि कधी कधी चेन कापड खायचीही. अकरावीत असताना कव्हर नसलेल्या सायकलवर माझी एक ओढणी गेली आहे. ओढणी गेली त्याचं अम्मीला वाईट वाटलं, चेनमध्ये धागे अडकले त्याचं अब्बांना.

गियरच्या सायकलीचं गणित वेगळं. लेकीच्या सायकलला पुढे तीन चकत्या आणि मागे सात. मोठ्या चकत्यांवर चढता यावं एवढी चेन लांब ठेवावी लागते. मग ती लहान चकत्यांवर आली की उरलेल्या लांबीचं काय करायचं? मागच्या गियरचा जो हात खाली लोंबतो त्याला दोन छोटी चाकं असतात आणि आत एक स्प्रिंग असते. ती हा ढिलेपणा मागे खेचून धरते. रस्ता गुळगुळीत असेल तोवर ठीक. चाक खड्ड्यात आपटलं की स्प्रिंगचं बळ क्षणभर कमी पडतं आणि चेन दोरीउडीच्या दोरीसारखी लाट मारते. वरचा पदर नळीच्या पाठीवर आदळतो, खालचा पोटावर. पाय थांबवून सायकल नुसती सोडून दिलेली असेल तर मार जास्त, कारण तेव्हा वरचा पदर ओढून धरणारं कुणीच नसतं.

अब्बांच्या दुकानात गियरच्या सायकली आल्या त्या शेवटच्या वर्षांत, त्याही मोजक्या. त्यामुळे त्यांनी लेकीला गल्लीत दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि ओट्यावरून नुसतं बघत बसले. दुसऱ्या फेरीला म्हणाले, ही पुढेही लहान चकतीवर आहे आणि मागेही लहानवर. म्हणजे चेन सगळ्यात ढिली राहणार अशीच जागा पोरीने शोधून काढलीय. लेकीचं म्हणणं, तिथे पाय बरा चालतो, आणि गियर बदलायचा तिला कंटाळा येतो. विश्रामबागपर्यंत सहा-सात किलोमीटर ती अशीच जायची. पुढे मधली चकती ठेव, खराब रस्ता आला की मागची जरा मोठी घे, आणि खड्ड्यावरून जाताना पाय हलता ठेव, एवढं त्यांनी सांगितलं. तेवढ्याने निम्मा आवाज गेला. उरलेल्या निम्म्यासाठी डबा मागवला.

डब्यात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक होतं. ते नळीला चिकटलं. म्हणजे लोखंड, पोलाद, गंज चढणार. न चिकटणारी सायकल बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची. तिला तांबडा गंज चढत नाही, पण तो धातू मऊ, चेन त्यात खाच पाडते. महागड्या सायकली कार्बनच्या असतात. त्यांचं लेकीने वाचून दाखवलं: तिथे खोल घाव बसला तर नळीच कमजोर होऊ शकते, म्हणून कंपन्या त्या जागी आधीच रबराची किंवा धातूची पट्टी लावून देतात. अब्बांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “महंगी कू पट्टी देते, सस्ती कू क्यों नई?”

याचं उत्तर आम्हा दोघींकडे नव्हतं.

मग ट्यूब. पंक्चरवर पंक्चर काढून निकामी झालेली ट्यूब सायकलवाला कधी टाकत नाही. कॅरिअरला बांधायला, सीटखाली घालायला, गलोलीला, पाण्याच्या नळाला, कशालाही चालते. अब्बांनी व्हॉल्व्हचा भाग कापून काढला, कात्रीने ट्यूब लांबीत उभी चिरली, आतली पांढरी पावडर साबणाच्या पाण्याने धुतली आणि वाळवली. बोटभर रुंदीची लांब पट्टी. नळीवरचा गंज बारीक काचकागदाने घासला, रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्याने पुसलं. पट्टी गुंडाळायला सुरुवात पायडलच्या बाजूने, कारण ती बाजू खाली असते आणि आसाकडची वर. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत न्यायचा. आपल्याकडे कौलं घालतात तशी रीत, वळचणीपासून वर. म्हणजे वरून ओघळणारं पाणी सांध्यात न शिरता पुढे सरकतं. पट्टी ताणून धरायची, एवढी की रबर पातळ व्हायला लागेल. शेवटचा वेढा आधीच्याखाली खोचून ओढायचा. दोरी नाही, गोंद नाही.

काम सुबक झालं. नळी जणू काळ्या रबरातच जन्मली होती. अब्बा हात धुवायला उठले, लेकीने फेरी मारली आणि पन्नास पावलांवरून ओरडली, “नाना, गियर ही नई गिर रा!”

झालं असं, की मागच्या गियरची तार याच नळीच्या पोटाखालून उघडी जाते, आणि अब्बांनी नळीबरोबर तारही करकचून बांधली होती. बत्तीस वर्षांत त्या नळीवरून कधी तार गेलीच नव्हती. लेक खूप हसली. अब्बाही हसले, पण जरा उशिरा. मग पट्टी सोडली, तार बाजूला धरली, तिच्या आतून पट्टी ओवत पुन्हा गुंडाळली. पहिल्या वेळी दहा मिनिटं लागली होती, दुसऱ्या वेळी पाऊण तास. तार मोकळी सरकते का हे त्यांनी बोटाने दहा वेळा बघितलं. तुम्ही कधी हे करणार असाल तर आधी तार बघा. आवरणात जाणारी असेल तर हरकत नाही, उघडी असेल तर तिला पट्टीच्या बाहेर ठेवा.

जाताना त्यांनी बजावलं: पावसाळा संपला की उघडायची. हा नियम त्यांना २०१९च्या पुराने शिकवला. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझ्या मावसभावाची सायकल कित्येक दिवस पाण्यात होती. ती अब्बांनीच धुऊन, छरे बदलून, तेल घालून चालू केली. सगळं केलं, फक्त नळीवरची ट्यूब घट्ट आहे म्हणून तशीच ठेवली. वर्षाने पट्टी सोडली तर आत गाळाचा थर, आणि थराखाली नळी पापुद्र्यापापुद्र्याने निघत होती. मार चुकवायला बांधलेल्या पट्टीनेच पाणी धरून ठेवलं होतं. अब्बा ही गोष्ट अजून स्वतःची चूक म्हणून सांगतात.

ट्यूब लावल्यावर घर एकदम शांत झालं. ती दारात येऊन उभी राहिली तरी मला पत्ता लागेना. चहा उशिरा व्हायला लागला.

पुढच्या जुलैत मात्र चेनने दुसरा डाव टाकला. आमच्या भागातली काळी माती पावसात कशी होते हे सांगायला नको. एका शॉर्टकटने येताना तिची चेन मातीने भरली, चढावर तिने घाईने पुढचा गियर बदलला आणि पायडल मध्येच अडकलं. पुढच्या लहान चकतीने चेन सोडलीच नाही, खालून उचलून वर नेली आणि चकती व नळी यांच्या बोटभर फटीत कोंबली. तिने जोर लावला. जोर लावल्यावर चेन आणखी आत गेली. सायकल ढकलत आली तेव्हा ट्यूबचा पुढचा वेढा कापला गेला होता आणि त्याखाली नखाएवढी खाच होती. ट्यूब नसती तर खाच बरीच खोल गेली असती, असं अब्बा म्हणाले. अर्थात ते ट्यूबच्याच बाजूने बोलणार.

अशा वेळी पुढे जोर लावायचा नसतो. पायडल हळूच उलटं फिरवायचं, चेन ज्या वाटेने गेली त्याच वाटेने बाहेर काढायची. आणि मग कारण शोधायचं. मातीने जाम झालेली चेन, न वळणारी एखादी कडी, झिजून आकड्यासारखे झालेले किंवा वाकलेले दाते, यांपैकी काहीतरी असतंच. अब्बांनी माझी शाळेतली स्टीलची पट्टी मागितली. चेनच्या एका पिनेवर शून्य धरलं. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठवा भाग गेली असेल तर चकत्याही बहुतेक गेल्या समजा. आमची पिन जवळजवळ बारावर होती. चेन चांगली होती, नुसती घाण होती. पुढच्या चकतीचा एक दाता वाकला होता, तो त्यांनी पकडीने सरळ केला. इतकी वर्षं मी ती पट्टी पोरांना सेंटिमीटर शिकवायला वापरते. तिच्या दुसऱ्या कडेचा कुणाला उपयोग होतो, हे मला तेव्हा दिसलं.

आता जे सांगायचं आहे ते मी बरेच दिवस टाळते आहे.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. खट्-खट्-खटाक्. मी सवयीने आधण ठेवायला उठले आणि मग थबकले. तो आवाज यायला नको होता.

नळी उघडी होती. ट्यूब सोडलेली नव्हती, कात्रीने कापून काढली होती. एका जागी कात्रीचा चरा रंगावर उमटला होता. मी विचारलं तर म्हणाली, निघाली. मी म्हटलं, नानांनी खोचलेली ट्यूब निघत नाही. मग थोड्या वेळाने, मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात तिने सांगितलं. क्लासच्या सायकल स्टँडवर एका मुलाने ट्यूबकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं होतं आणि बाकीचे हसले होते. पूर्ण वाक्य तिने मला आजवर सांगितलेलं नाही. त्यातला एक शब्द सांगितला. पंक्चरवाले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा शब्द आता धंद्याचं नाव राहिलेला नाही. मोबाइलवर तो आम्हा सगळ्यांचं आडनाव झाला आहे. समोरचा डॉक्टर असो, वकील असो, माझ्यासारखी मास्तरीण असो. त्या पोराला हिचे नाना खरोखर पंक्चर काढायचे हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याने ट्यूब बघितली, हिचं नाव त्याला माहीत होतं, आणि जोड लावली.

मी तिला काही शिकवण द्यायला हवी होती. रोज पन्नास पोरांना देते. पण मला माझाच बी.एड.चा प्रवेश अर्ज आठवला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘दुकानदार’ लिहिलं होतं. खोटं नव्हतं, दुकान होतंच. कसलं दुकान, हे लिहायला जागा होती आणि मी ती मोकळी सोडली. सही करताना अब्बांनी तो कागद वाचला होता, कारण ते प्रत्येक कागद वाचतात. आणि मागच्याच वर्षी एका प्रशिक्षणात चहाच्या वेळी कुणीतरी पंक्चरवाल्यांवर विनोद केला तेव्हा मीही कपात बघत हसल्यासारखं केलं होतं. या भांडवलावर मी लेकीला काय सांगणार?

मी ऑनलाइन पारदर्शक टेप मागवली. सायकलच्या फ्रेमसाठीच मिळते; जाड, लवचीक, काचेसारखी. एका रोलच्या पैशात दोन नव्या ट्यूब आल्या असत्या. लेकीला ती लगेच पटली, कारण लावल्यावर काही लावलंय असं दिसत नाही.

टेप आली तो दिवसही जुम्याचाच होता. अब्बांनी उघडी नळी बघितली. कात्रीचा चरा बघितला. मला विचारलं, “कोई कुछ बोल्या क्या उसकू?”

मी म्हटलं, नाही, उन्हात ट्यूब चिकट होते, कपड्याला लागते, म्हणून काढली.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. टेपचा रोल हातात घेऊन त्याची कड नखाने उचलून पाहिली, ताणून पाहिली. लेकीने सांगितलं की अशी टेप आधी हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी बनवली होती, वाळूचा मार लागू नये म्हणून. “अरे वा,” अब्बा म्हणाले, “हेलिकॉप्टर का माल.” मग म्हणाले, पण आधी उघडं लोखंड झाकायला हवं. रंग कुठून आणणार? आणि लेकीकडे वळून त्यांनी नेलपॉलिश मागितलं.

आमच्या घरात नेलपॉलिशची बाटली म्हणजे निषिद्ध नव्हे, पण अडगळीतली वस्तू. त्याचा थर असला की नखाला वजूचं पाणी लागत नाही, त्यामुळे नमाज पढणाऱ्या बाया ती ईदला, लग्नाला, तीही विचार करून लावतात. लेकीने कुठल्याशा लग्नासाठी गडद, जवळजवळ काळ्या रंगाची आणली होती. दोनदा वापरून ठेवून दिली होती. नानांनी ती मागितल्यावर ती बघतच राहिली.

“इसके नीचे पानी नई जाता ना?” अब्बा म्हणाले. “बस. वईच होना.”

त्यांनी गंज घासला, स्पिरिटने पुसलं आणि त्या चिमुकल्या ब्रशने एकेक चट्टा भरला. हात थोडा थरथरतो, म्हणून उजवं मनगट डाव्या हाताने धरलं होतं. एक थर, वाळवण, दुसरा थर. जुलैतल्या खाचेत तीन थर घातले. वाळल्यावर जरा ठिपक्याठिपक्यांचं दिसत होतं, पण पाणी आत जाणार नव्हतं. टेप लावायला मात्र त्यांनी मला सांगितलं. साबणाच्या पाण्याचा हलका हात, म्हणजे टेप सरकवून जागेवर बसवता येते. मग मधून कडेला अंगठ्याने पाणी आणि हवा बाहेर काढायची. फडक्याने पुसलं. नळी नुसती नळीसारखी दिसत होती.

अब्बांनी चष्मा वर करून बघितलं, मग चष्मा लावून.

“दिखती नई ना ये?”

“नाही दिसत.”

“अच्छी है फिर,” ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्या वाक्यावर मी बरेच दिवस अडकून आहे. रात्री भांडी घासताना ते ऐकू येतं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला कळलं, आणि मला कळलं हेही त्यांना कळलं असणार. आम्ही त्यावर बोललो नाही. मला विचारायचं होतं, तुम्हाला कुणी कधी म्हणायचं का. पण भाड्याची वही मी लिहायची. गिऱ्हाईक त्यांना काय हाक मारायचं हे मला माहीत आहे. ‘ए पंक्चर’ अशी हाक मी कित्येकदा ऐकली आहे, आणि त्या हाकेला ‘आया साब’ म्हणून उठलेले अब्बाही पाहिले आहेत. तेव्हा ती शिवी नव्हती, असं मी स्वतःला सांगते. खरंच नव्हती का, ते वहीत लिहायला रकाना नव्हता.

टेपचा हिशोब सांगायचा तर तिने रंग वाचवला, आवाज नाही. रबर मार गिळतं, टेप फक्त ओरखडा अडवते. म्हणून आवाज परत आला, जरा बसका. मी पुन्हा आधण वेळेवर ठेवते.

आता पाऊस संपलाय, दिवाळीची सुट्टी लागली आहे. टेपची मागची कड सुटून वर आली आहे आणि तिच्याखाली मातीची रेघ दिसते. चेन जिथे सगळ्यात जास्त आपटते तिथे टेप पांढुरकी होऊन फाटली आहे. अब्बांच्या नियमाप्रमाणे उघडायची वेळ झाली. रविवारी बसू, असं लेकच म्हणाली. नवी टेप मागवायची का, असं मी विचारलं, तर म्हणाली, बघू.

काल भाईजानकडे गेले तेव्हा अंगणातल्या दोरीवर भाचरांच्या कपड्यांशेजारी एक जुनी ट्यूब वाळत होती. उभी चिरलेली, धुतलेली, दोन चिमटे लावून. अब्बा खुर्चीत पेपर वाचत होते. मी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.